परीक्षा ठीक, पण तोवर माणूस आत असतो का?

'उल्लास' या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा तुरुंगातही होते, म्हणजे लिहा-वाचायला शिकणाऱ्या कैद्यांच्या मूल्यमापनाचा प्रश्न मिटला, असं कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटत. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५० गुण, पास व्हायला ३३ टक्के. पेपर तसा सोपाच. पण २०२२ अखेर देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. आज 'क-म-ळ' जुळवणारा परवा जामिनावर सुटतो, नाहीतर ऐन परीक्षेच्या दिवशीच त्याची कोर्टाची तारीख निघते.

मी काही महिने एका जिल्हा कारागृहात शिकवायला जात होते. पन्नाशीचे एक काका पुस्तक उघडायलाच तयार नसत. "पोराटोरांचं आहे ते, बाई." मग कॅन्टीनची चिठ्ठी वाचायला घेतली. साबण, बिस्कीट, शिल्लक. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी शिल्लक रकमेतली सात रुपयांची चूक काढून दाखवली! आणि आमच्या पहिल्या चाचणीत याच माणसाला गणितात शून्य होतं. हिशेब तोंडी पक्का होता हो, आम्ही विचारला कागदावर.

म्हणून आधी तोंडी चाचणी घ्या, मग दर पंधरा दिवसांनी छोटी लेखी, आणि बदली झाली तर वही त्याच्यासोबत जाऊ द्या. इंग्लंडमध्ये शॅनन ट्रस्टच्या योजनेत वाचता येणारा कैदीच दुसऱ्याला शिकवतो, एकास एक, रोज वीसेक मिनिटं. आपल्याकडे बराकीत ते सहज जमेल. संध्याकाळी बराकींना कुलूप लागल्यावर वेळच वेळ असतो.