शब्दचर्चा : ‘बॉक्सर’ इंजिन समोरासमोरचं की पाठमोरं?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा)
शाळकरी मुलांसाठी मोटारीच्या इंजिनावर मराठीत चार पानं लिहितोय. सिलिंडर, पिस्टन (सिलिंडरमध्ये पुढेमागे सरकणारा दट्ट्या), क्रँक (पिस्टनच्या ये-जा करण्याने फिरणारा दांडा) तसेच ठेवलेत. दट्ट्या, भुजादंड वाचताना मुलं अडतात. सिलिंडरांच्या मांडणीला मात्र आपले शब्द हवेत. ज्या गावात १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा निघाली, तिथे यंत्राला आपल्या भाषेत नाव सापडू नये हे मनाला लागतं. एका रांगेतल्याला ‘एकरांगी’, व्ही आकाराच्याला ‘बेचकी’ म्हटलंय. बॉक्सरला, म्हणजे क्रँकच्या दोन्ही बाजूंना आडवे सिलिंडर असतात त्या मांडणीला, ‘समोरासमोर’ चालेल?

उत्तर
बेचकी फार आवडलं! दोन फाट्यांवर सिलिंडर, फाटे जुळतात तिथे क्रँक. दोन्ही फाट्यांवरचे जोडीचे पिस्टन बहुधा एकाच क्रँकपिनला (पिस्टनचा दांडा क्रँकवर जिथे जोडतात त्या खुंटाला) धरलेले असतात, म्हणून इंजिन आखूड होतं. एकरांगीही ठीक. मारुती ८०० चे तीन सिलिंडर असेच रांगेत होते. पण मुलांना हे सांगाच की रांगेत बसले तरी ओळीने पेटत नाहीत. चार सिलिंडरांत क्रम बहुतेक १-३-४-२ असतो.

उत्तर
‘समोरासमोर’ कृपया नको. इथल्याच एका गॅरेजमध्ये जुन्या फोक्सवॅगन बीटल मोटारीचं इंजिन उघडलेलं पाहिलंय. मिस्त्री म्हणाला, ‘सामसामे छे’, आणि मीही तेच म्हणत आलो होतो. पण केसिंगचे दोन अर्धे वेगळे झाले तेव्हा नीट बघितलं. क्रँक मधोमध, पिस्टनची डोकी दोन्हीकडे बाहेर. म्हणजे पाठीला पाठ! प्रत्येक पिस्टनला स्वतःची क्रँकपिन. क्रँक हाताने फिरवला तर जोडीचे दोन्ही पिस्टन एकदम बाहेर जातात, एकदम आत येतात. एकाचा हिसका दुसरा खातो, थरथर कमी होते. ठोसेबाज हातमोजे एकमेकांवर आपटतो, तसं. बॉक्सर नाव त्यावरूनच. मराठीत ‘पाठमोरं इंजिन’ म्हणावं.

खरं समोरासमोर इंजिन वेगळंच आहे. एकाच सिलिंडरमध्ये दोन पिस्टन, डोक्याला डोकं, मधल्या जागेत स्फोट. युंकर्सचं जुमो २०५ हे विमानाचं डिझेल इंजिन तसलं : सहा सिलिंडर, बारा पिस्टन, दोन क्रँक. तो शब्द त्याच्यासाठी राखून ठेवा.

प्रश्नकर्ता
पटलं, पाठमोरं पक्कं. मग ‘चपटं’ हाही शब्द बॉक्सरसाठीच वापरू का?

उत्तर
नाही, तिथेच घोटाळा होतो. बेचकीचे फाटे १८० अंशांपर्यंत फाकवले तरी इंजिन चपटंच दिसतं. फेरारी टेस्टारोसाचं बारा सिलिंडरांचं तसं आहे. पण त्यात जोडीला क्रँकपिन एकच, म्हणून एक पिस्टन आत येताना दुसरा बाहेर जातो. ते पाठमोरं नव्हे, ‘सपाट बेचकी’. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, तेव्हा चित्र काढाल तर क्रँकपिन स्पष्ट दाखवा.