युरीन कल्चर (लघवीतले जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते पाहणारी तपासणी): आधी सिप्रो 'एस' (सेन्सिटिव्ह, औषध चालतं), कोर्सनंतर 'आर' (रेझिस्टंट, चालत नाही). हे होतं कसं?

पेट्रीडिश: एकाच रुग्णाचे दोन रिपोर्ट आहेत. दोन्हींत ई. कोलाय (एरवी आतड्यात राहणारा जंतू), मि.लि.मागे 1 लाखाच्या वर. पहिल्यात नॅलिडिक्सिक ॲसिड (सिप्रोच्याच कुळातलं जुनं औषध) 'आर', सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) 'एस'. सिप्रोचा पूर्ण कोर्स झाला, तरी दुसऱ्यात सिप्रोही 'आर'. जुनाच जंतू बदलला, की नवा आला?

सूक्ष्मदर्शी: खूण पहिल्याच रिपोर्टमध्ये आहे. नॅलिडिक्सिक 'आर' म्हणजे बहुधा डीएनए जायरेजमध्ये (सिप्रो ज्यावर घाव घालतं ते जंतूचं एन्झाइम) 83व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसीन आलेलं. एवढ्याने सिप्रोची एमआयसी (जंतूची वाढ थांबवायला लागणारं किमान प्रमाण, मि.ग्रॅ./लि.) सुमारे 0.015 वरून दहा-वीस पट चढते आणि 'एस'च्या 0.25 या मर्यादेला टेकते. कागदावर सेन्सिटिव्ह, पण एक पायरी चढलेला. पुढे टोपोआयसोमरेज 4 (सिप्रोचं दुसरं लक्ष्य) मध्ये, मग जायरेजच्या 87व्या जागी बदल झाला की एमआयसी थेट 32च्या घरात.

आता हिशेब करा. मि.लि.ला 10 कोटी जंतू, मूत्राशयात 300 मि.लि. लघवी: झाले 3000 कोटी. 100 कोटींत एक म्युटंट (जनुकात असा बदल झालेला जंतू) धरला तरी पहिली गोळी पोटात जाण्याआधीच तीसेक तयार असतात. सिप्रो बाकीच्यांना मारून त्यांना रान मोकळं करून देतं. (सिप्रोने जंतूची एसओएस यंत्रणा, म्हणजे डीएनए-दुरुस्तीची आणीबाणीची व्यवस्था, जागी होऊन म्युटेशन वाढतात, हेही खरं. पण मुख्य काम निवडीचंच.)

अगारवाली: नवा जंतू नाकारण्याआधी बाकीच्या औषधांचे रकाने जुळवा. फक्त सिप्रो बदललं असेल तर वरचं स्पष्टीकरण पटतं. सेफोटॅक्सिम, कोट्रायमोक्साझोल ही दुसरी औषधंही एकदम 'आर' झाली असतील तर आतड्यातून दुसराच स्ट्रेन (ई. कोलायचाच वेगळा वाण) वर चढल्याची शक्यता जास्त. एसटी131 हा स्ट्रेन तसाच, बरेचदा प्लाझ्मिडवर (जंतू एकमेकांना देतात ते डीएनएचं छोटं वर्तुळ) सीटीएक्स-एम-15 (सेफोटॅक्सिमसारखी औषधं मोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक) घेऊन फिरणारा. प्लाझ्मिडची देवाणघेवाण मुख्यतः आतड्यात होते, आणि तोंडाने घेतलेल्या सिप्रोचा मारा तिथेही होतोच.

पेट्रीडिश: बाकी रकाने जसेच्या तसे आहेत. नायट्रोफुरंटॉइन (लघवीच्या संसर्गावरचं दुसरं औषध) अजून 'एस'. ते कसं टिकलं?

सूक्ष्मदर्शी: हे औषध जंतूच्याच नायट्रोरिडक्टेज एन्झाइमांनी सक्रिय होतं. ई. कोलायमध्ये त्यासाठी दोन मुख्य जनुकं आहेत. पूर्ण रेझिस्टन्सला साधारणपणे दोन्ही निकामी व्हावी लागतात. शिवाय हे औषध आतड्यात फारसं उरत नाही, त्यामुळे तिथे निवडीचा दाब कमी. मात्र ताप, कंबरदुखी असेल तर उपयोग नाही, कारण किडनीच्या ऊतींत पुरेशी पातळी येत नाही. आणि प्रोटियसवर (लघवीत संसर्ग करणारा दुसरा जंतू) ते मुळातच चालत नाही.