ई४ नंतर मारामारीचा डाव हवा. कोणता गॅम्बिट (सुरुवातीलाच प्यादं देऊन हल्ला) टिकतो?

तिरका_उंट: रेटिंग १४००, वेळ १५+१० रॅपिड (१५ मिनिटं, दर चालीला १० सेकंद जादा). पांढऱ्याकडून रुय लोपेझ ही सुरुवात पाठ आहे, पण समोरचा चौथ्या-पाचव्या चालीलाच भलतीकडे वळतो आणि पाठांतर वाया जातं. संगणकाच्या इंजिनने थोडं कमी दाखवलं तरी चालेल, मोहरे मोकळे हवेत. मात्र निव्वळ सापळ्यावर जगणारं काही नको.

अडीचघर: स्कॉच गॅम्बिट. (घो घोडा, उं उंट, व वजीर, रा राजा; × मारणं, + शह; ... नंतर काळ्याची चाल; ! चांगली, ? चूक, ?? घोडचूक.) १. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. डी४ ई×डी४ ४. उं-सी४.

४... उं-सी५ आलं तर ५. सी३. आता ५... डी×सी३ हा हावरटपणा: ६. उं×एफ७+ रा×एफ७ ७. व-डी५+ आणि सी५चा उंट परत. सी३चं प्यादंही मागाहून मिळतं. हिशोब फिटतो, पण काळ्याचा किल्लेकोट गेला. जाणता खेळाडू ५... घो-एफ६ खेळतो आणि ६. ई५ ला डी५! ने उत्तर देतो.

४... घो-एफ६ ५. ई५ इथेही तेच, ५... डी५!. मग ६. उं-बी५ घो-ई४ ७. घो×डी४. डाव बरोबरीचा, पण झोपेचा नाही. सहाव्या चालीला ई×एफ६ मारायचा मोह आवरा; डी×सी४ नंतर काळ्याकडे दोन उंट आणि केंद्र, तुमच्याकडे काही नाही.

घोडदौड: सहमत. कसोटी एकच लावा: समोरच्याने उत्तम चाल शोधली तर हातात काय उरतं?

व्हिएन्ना गॅम्बिट पास होतो. १. ई४ ई५ २. घो-सी३ घो-एफ६ ३. एफ४. प्यादं खाल्लं, ३... ई×एफ४, की ४. ई५ आणि घोडा निमूट जी८ला (मध्ये ४... व-ई७ ५. व-ई२ घातलं तरी तेच). बरोबर उत्तर ३... डी५ ४. एफ×ई५ घो×ई४, मग ५. घो-एफ३ किंवा ५. व-एफ३. सरशी नाही, पण एफ फाईल (उभी रांग) तुमच्यासाठी अर्धी उघडी. २... घो-सी६ आलं तर एफ४ ची घाई नको, ३. उं-सी४ बरं.

एंग्लंड (डी४ विरुद्ध काळ्याचा गॅम्बिट) नापास: १. डी४ ई५ २. डी×ई५ घो-सी६ ३. घो-एफ३ व-ई७ ४. उं-एफ४ व-बी४+ ५. उं-डी२ व×बी२. सगळी मदार ६. उं-सी३?? उं-बी४ वर. ६. घो-सी३! आलं की काळा वजीर पळत सुटतो आणि बाकीचे मोहरे घरीच.

इव्हान्स गॅम्बिटही बघा (१. ई४ ई५ २. घो-एफ३ घो-सी६ ३. उं-सी४ उं-सी५ ४. बी४). कास्पारोव्हने १९९५ मध्ये रीगाला आनंदविरुद्ध तो काढला आणि २५ चालींत जिंकला. आनंदने सापळा वगैरे काही खाल्ला नव्हता.

प्यादेमोड: ई४ ला १... सी५ (सिसिलियन) आल्यावर काय करणार? स्मिथ-मोरा शिका: २. डी४ सी×डी४ ३. सी३ डी×सी३ ४. घो×सी३. मांडणी ठरलेली: घो-एफ३, उं-सी४, किल्लेकोट, व-ई२, हत्ती डी१वर.

४... घो-सी६ ५. घो-एफ३ डी६ ६. उं-सी४ घो-एफ६? ही सहज सुचणारी चूक. ७. ई५! आता ७... घो×ई५ ८. घो×ई५ डी×ई५ ९. उं×एफ७+ आणि वजीर गेला. ७... डी×ई५ ८. व×डी८+ नंतर राजाने मारलं तर ९. घो-जी५, घोड्याने मारलं तर ९. घो-बी५. काळ्याने सहाव्या चालीला ई६ किंवा ए६ खेळावं.

प्यादं न घेणारेही भेटतील: ३... घो-एफ६ ४. ई५ घो-डी५, म्हणजे सरळ आलापिन (सिसिलियनविरुद्ध २. सी३ चा डाव). तेवढा भाग शिकावाच लागतो.

तिरका_उंट: स्कॉचमध्ये ४... उं-बी४+ दिला तर?

अडीचघर: ५. सी३ डी×सी३ आणि ६. बी×सी३. उंटाला हलावं लागतं, तुम्ही एकच प्यादं मागे. ६. किल्लेकोट जास्त तिखट आहे, पण ६... सी×बी२ ७. उं×बी२ नंतर दोन प्यादी मागे राहून हल्ला चालवावा लागतो. आधी बी×सी३ खेळून पाहा.