बेळगाव : कंपनीच्या शोरूमला एलईडी भिंत घ्यावी का?

उद्यमबागकर
नमस्कार मंडळी. आमचं हायड्रॉलिक व्हॉल्व्हचं युनिट आहे. अलीकडे सेन्सर बसवलेले मॅनिफोल्ड (व्हॉल्व्ह बसवायचे, आतून तेलाच्या वाटा असलेले ठोकळे) करूलालोय, तेलाचा दाब नि तापमान मोबाइलवर दिसतं. गिऱ्हाईक पुणे-बेंगळुरूचं, कधी जर्मनीचंही. त्यांना दाखवायला काय, तर काचेच्या कपाटात मांडलेले व्हॉल्व्ह, सोनाराच्या दुकानागत. आता असेंब्लीला लागून ९०० चौरस फूट जागा मोकळी झालीय. इंटिरियरवाल्यानं १२ बाय ७ फुटांची एलईडी भिंत, निळे पट्टे नि आरशाचं सिलिंग सुचवलंय. बजेट १८ लाख, त्यातलं निम्मं भिंतच खाणार. काय करू?

ठिपकेमोजणी
पिच, म्हणजे दोन ठिपक्यांतलं अंतर, किती सांगितलाय?

उद्यमबागकर
पी २.५.

ठिपकेमोजणी
म्हणजे दर २.५ मिमीला एक ठिपका. १२ फुटांत आडवे साधारण १४६०, ७ फुटांत उभे ८५०. फुल एचडी असतं १९२० बाय १०८०. घरच्या टीव्हीपेक्षा कमी की ओ! लांबून व्हिडिओ झकास दिसेल, खरं ड्रॉइंगवरची मापं वाचता यायची नाहीत. लग्नाच्या स्टेजला ठीक आहे.

रेघोट्या
मी इंटिरियरच करते, म्हणून जरा लांबण लावते. आरशाचं सिलिंग आधी रद्द करा, पाहुण्याला स्वतःचं टक्कल बघायला बोलावलंय का? तुमच्या व्हॉल्व्हमधला स्पूल (आत सरकणारा दांडा) नि बोअर (तो बसतो ते भोक) यांच्यात काही मायक्रॉनचीच फट असते, केसापेक्षा कितीतरी बारीक. ते हाताला कळू दे. एक व्हॉल्व्ह उभा कापून टेबलावर ठेवा, स्पूल बोटानं सरकवता आला पाहिजे. खोली अंधारी, उजेड फक्त त्या टेबलावर.

शेवटची भिंत मात्र स्मार्ट काचेची करा. वीज बंद असताना ती दुधी असते, तेव्हा मागून प्रोजेक्टर टाकून तुमची फिल्म दाखवा. फिल्म संपली की बटण दाबा. काच पारदर्शक होते आणि पलीकडे व्हॉल्व्ह तपासायचा खरा टेस्ट बेंच चालू दिसतो! तोच दाब पाहुण्याच्या मोबाइलवर हलताना दिसला की वेगळं काही सांगावं लागत नाही.

उद्यमबागकर
कल्पना भारी आहे ओ ताई. खरं आमच्या टेस्ट बेंचखाली तेलाची थारोळी असतात. लाज जाईल.

रेघोट्या
मग पहिला खर्च तिथंच. इपॉक्सी फरशी, तेलाचे ट्रे, चांगले लाइट. शोरूम त्यानंतर.

वायरमन_टिळकवाडी
लाइट गेली की ती काच परत दुधी होणार, जर्मन पाहुण्यासमोर. काच, प्रोजेक्टर नि सेन्सर ऑनलाइन यूपीएसवर घ्या. पॉवरपॅकचा, म्हणजे बेंचच्या तेलपंपाचा, आवाज अडवायला दोन काचा लावा, वेगवेगळ्या जाडीच्या, मध्ये पोकळी. प्रोजेक्टर त्या पोकळीत घुसवायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, मागं अंतर लागतं.

शहापुरी_रंधा
एमडीएफ नको. आपल्याकडच्या पावसात फुगतंय. आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या.

चहाकट्टा
बाहेरच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतंय, हे धरून डिझाइन करा. बाकी त्या विषयावर इथं नको, धागा दोनशेवर जाईल.

उद्यमबागकर
एलईडी भिंत रद्द. उद्या इंटिरियरवाल्याला सांगतो, रुसेल बहुतेक. व्हॉल्व्ह कापायचा कशानं? कडा चुरायला नकोत.

रेघोट्या
वायरकटवर, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी बारीक तारेनं कापणाऱ्या मशीनवर. तुमच्या गल्लीतच कुणीतरी करत असेल, विचारा की.