‘क्राकी’ उसना, म्हणून पोर्तुगीज दरिद्री?

साओपावलोकर:
काल या चर्चेत कुणीतरी ठोकून दिलं की मोठ्या फुटबॉलपटूंबद्दल बोलायला पोर्तुगीजकडे स्वतःचे शब्दच नाहीत, ‘क्राकी’, म्हणजे अफलातून खेळाडू, हासुद्धा इंग्रजी ‘क्रॅक’वरून उचललेला. उचलला, खरं आहे. शर्यतीच्या अव्वल घोड्याला इंग्रज क्रॅक म्हणत. पण आज इंग्रजीत खेळाडूला तसं किती जण म्हणतात? माझ्या गल्लीत पाच वर्षांच्या पोरानं दोघांना चकवलं की समोरचे आजोबा कठड्यावरून ओरडतात, ‘क्राकी!’ पगार, चावी, बटाटा आपण पोर्तुगीजांकडून घेतले. ते परके वाटतात का? आणि सर्वाधिक गोल करणारा इथे ब्राझीलमध्ये ‘आर्तिल्येरु’, म्हणजे तोफ डागणारा. आपला ‘गोलंदाज’ही तोफेवरचाच. ‘टॉप स्कोअरर’मध्ये ती धग कुठाय?

बारामतीकर:
भावना पोचल्या, मुद्दा पटला नाही. क्राकी जिल्ह्याचा की जगातला? ‘वर्ल्ड क्लास’ म्हटलं की पायरी कळते. मराठी पेपरांनी तर ती पायरीच मोडून टाकलीय. दोन मोसम खेळलेलाही ‘दिग्गज’!

साओपावलोकर:
इंग्रजीतही हल्ली सगळेच ‘गोट’ (‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’, सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ) झालेत, पायऱ्या राहिल्यात कुठे? पेले गेल्यावर २०२३ मध्ये मिकाएलिस या ब्राझिलियन पोर्तुगीज शब्दकोशानं ‘पेले’ हे विशेषण म्हणून घेतलं, अर्थ असामान्य, अतुलनीय. त्यामागे सव्वा लाख सह्या होत्या. याच्या वरची पायरी दाखवा.

लिस्बनची_मावशी:
तुम्ही दोघं ब्राझीललाच पोर्तुगीज धरून चाललात. मी ब्राझिलियन बाईंकडे भाषा शिकले. इथे ऑफिसच्या कँटीनमध्ये गोलकीपरला ‘गोलेरु’ म्हणाले, तर सहकाऱ्यानं सगळ्यांसमोर दुरुस्त केलं: ‘ग्वार्द-रेदश’. संघ ‘चिमी’ नाही, ‘इकीपा’. तुमचा तोफवालाही इथे नाही, ‘मिल्योर मार्कादोर’ म्हणतात. घास घशाखाली उतरेना.

बारामतीकर:
एका भाषेत गोलकीपरला दोन नावं, आणि म्हणे श्रीमंती!

साओपावलोकर:
मग इंग्रजीत एकाच खेळाला फुटबॉल नि सॉकर अशी दोन नावं, त्याचं काय? अमेरिकेत ‘ॲथलीट’ म्हणजे कुठलाही खेळाडू, आपल्याकडे धावणारा-उड्या मारणारा. वाचून तरी बोला.

बारामतीकर:
वाचतो मी. आवाज खाली.

मडगावचा_गोली:
मावशी, गोलेरु काय नि ग्वार्द-रेदश काय, चेंडू पायांतून गेला की दोन्ही देशांत ‘फ्रांगु’च, कोंबडं. मी जहाजावर होतो. सांतोस बंदरात लागलो तेव्हा तिथल्या पोरांशी खेळलो. पाऊस पडून गेलेला, साधा सरपटी फटका. मी वाकलो, चेंडू हातमोज्यावरून निसटला, दोन गुडघ्यांमधून थेट जाळ्यात. सगळं मैदान ‘फ्रांगु!’ धरायला वाकावं नि कोंबडं पायांतून पळावं, हुबेहूब तसंच. मान खाली गेली, पण शब्द पटला. इंग्रजी ‘हाउलर’मध्ये चूक कळते, कोंबडं दिसत नाही.

बारामतीकर:
कोंबड्यापुरतं मान्य. ‘वर्ल्ड क्लास’ला शब्द अजून कुणी दिलेला नाही.

लिस्बनची_मावशी:
‘द क्लास मुंदियाल’ म्हणतात. इंग्रजीचं शब्दशः भाषांतर आहे, तेवढं तुमचं खरं.