रात्री खाटेवरून उठणाऱ्या अण्णांसाठी कोणता सेन्सर? चाळीतली खोली आहे, सल्ला हवा

पोटमाळा
नमस्कार मंडळी. लालबागला चाळीत राहतो. दहा बाय पंधराची खोली, वर पोटमाळा. माझे सासरे, अण्णा, वय ७९, खाली लाकडी खाटेवर झोपतात. सासूबाई त्यांच्या शेजारी जमिनीवर गादी टाकून. मी आणि मुलं माळ्यावर. नवऱ्याची आठवड्याआड रात्रपाळी.

अण्णा रात्री दोन-तीन वेळा लघवीला उठतात. संडास गॅलरीच्या टोकाला. कुणाला उठवायचं नाही हा त्यांचा स्वभाव, दिवासुद्धा लावत नाहीत. गेल्या महिन्यात पहाटे चारला खाट आणि दार यांच्यामध्ये पडले. सासूबाईंना कमी ऐकू येतं, मला माळ्यावर कळलं नाही. शेजारच्या काकू पाणी भरायला उठल्या तेव्हा त्यांना कण्हण्याचा आवाज आला. हाड मोडलं नाही, पण अर्धा-पाऊण तास ते तसेच फरशीवर होते. ते मनातून जात नाही.

माझा भाचा डिप्लोमाला आहे. त्याने लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दोन गोष्टी आणून लावून पाहिल्या. आधी पीआयआर, तो पांढऱ्या घुमटाचा सेन्सर. सासूबाई कूस वळल्या तरी वाजायचा, मांजर आलं तरी वाजायचा. मग गादीखाली दाब ओळखणारी ती पातळ गोल चकती. चार दिवस छान चालली. नंतर अण्णा उठून गॅलरीत गेले तरी ती आपली "माणूस खाटेवर आहे" असंच सांगत राहिली.

कॅमेरा नको आहे. एकाच खोलीत सगळ्यांचं कपडे बदलणं, झोपणं असतं. घालायचं काही दिलं तर अण्णा काढून ठेवतात. काय घ्यावं?

ठाण्याचा सोल्डर
ताई, भाच्याची चूक नाही, जागा चुकली. पीआयआर माणूस ओळखत नाही. आत दोन संवेदक तुकडे असतात, त्यांच्यापुढून अंगाची उष्णता सरकली की दोघांत फरक पडतो आणि तो फरक म्हणजे हालचाल. तो पांढरा घुमट म्हणजे खोलीचे पट्टे पाडणारी भिंगं. पल्ला सहा-सात मीटर, म्हणजे तुमची अख्खी खोली त्यात बसते. पाच माणसं झोपलेल्या खोलीत तो वाजणारच. शिवाय मे महिन्यात भिंतच अंगाइतकी तापली की खरा माणूस हलला तरी त्याला नीट दिसत नाही.

आता कुणीतरी रडार सुचवेल म्हणून आधीच सांगतो. २४ गिगाहर्ट्झचे छोटे रडार मॉड्यूल मिळतात, छातीची श्वासाची हालचालसुद्धा टिपतात, वस्तू फार सुंदर आहे. पण ते लाकडी पार्टिशनच्या पलीकडचंही बघतात. चाळीत शेजारचे काका उठले तरी तुमच्याकडे घंटा वाजेल. आणि खाटेवरचा श्वास अण्णांचा की खालचा सासूबाईंचा, हे त्याला कळायचं नाही.

तुमच्या चकतीऐवजी कुणी पिझो चकती सुचवली तर तिच्याही नादी लागू नका. १८८० साली क्युरी बंधूंनी दाखवलेला तो गुणधर्म: स्फटिक दाबला की व्होल्टेज. पण ते दाब बदलताना मिळतं. माणूस निवांत पडून राहिला की चकती गप्प. धक्का, ठोका, टकटक यासाठी उत्तम, "खाटेवर कुणी आहे का" यासाठी नाही.

रात्रपाळी सिस्टर
यंत्राचं मंडळी सांगतीलच, मी वॉर्डातलं सांगते. म्हातारी माणसं बरेचदा चालताना नाही, उठतानाच पडतात. आडवं असताना झटकन उभं राहिलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यांना खाटेच्या कडेला मिनिटभर बसायची सवय लावा. पाय हलवू द्या, मग उभं राहू द्या. बीपीची किंवा लघवी होण्याची गोळी चालू असेल तर ती कोणत्या वेळी घ्यायची हे डॉक्टरांना जरूर विचारा, रात्रीच्या फेऱ्या कमी होऊ शकतात. आणि खाटेजवळ युरिन पॉट ठेवा. लाजतील, पण सासूबाईंकडून सांगवा, ऐकतील.

आणखी एक. त्यांच्या कानाशी मोठा बझर अजिबात नको. दचकून तिथेच तोल जाईल. उठायला लागताच आधी मंद उजेड व्हायला हवा. आवाज, तोही तुमच्यापाशी, नंतर.

काटेदुरुस्ती
मी ३१ वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यापासून लॉरीच्या वेब्रिजपर्यंत. ताई, तुम्हाला हवा तो सेन्सर रोज तुमच्या डोळ्यांसमोर असतो: लोडसेल.

ती पातळ चकती का फसली ते आधी सांगतो. ती फोर्स सेन्सर, दाबली की तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो. "दाबलं की नाही" हे सांगायला चांगली, "किती दाबलं" यासाठी कच्ची. रात्रभर वजन ठेवलं की वाचन हळूहळू सरकतं. त्यात कापसाची गादी. तिच्या गाठी होतात, गाठ नेमकी चकतीवर बसली की माणूस गेला तरी दाब तसाच. भाच्याला वाटलं कोड चुकलं, खरं तर गादी पिंजायला झाली आहे.

लोडसेलमध्ये धातूची पट्टी असते आणि तिच्यावर स्ट्रेन गेज चिकटवलेला. पट्टी वाकली की गेजची तार किंचित ताणली जाते, रोध किंचित बदलतो. १९३८ मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज अशा दोघांनी एकमेकांची खबर नसताना हा गेज बनवला. रूज भूकंपात पाण्याच्या टाकीवर काय ताण येतो ते मोजत होता. अजूनही प्रत्येक काट्याच्या पोटात तीच कल्पना आहे आणि मला तिचं कौतुक वाटणं थांबलेलं नाही. बदल इतका बारीक की पाच व्होल्ट दिले तर पूर्ण वजनाला पाच-दहा मिलीव्होल्ट हाती लागतात. म्हणून व्हीटस्टन ब्रिज, म्हणजे रोधातला बारीक फरक पकडणारी चार रोधांची जोडणी, लागतो, आणि ते बारीक व्होल्टेज वाढवून आकड्यात आणायला एचएक्स ७११ ही चिप.

घरगुती वजनकाट्यात असतात ते ५० किलोचे चौकोनी सेल घ्या, चार. खाटेच्या प्रत्येक पायाखाली एक. चारांचे मिळून २०० किलो. खाट, गादी आणि अण्णा धरून तुम्ही त्याच्या बऱ्याच खाली राहाल. गादी कशीही असू दे, वजन पायांतूनच जमिनीत जाणार.

बसवताना एक गोष्ट सगळे चुकतात. सेलच्या मधोमध एक जीभ असते. बाहेरची चौकट टेकलेली हवी आणि जीभ खाली वाकायला मोकळी हवी. सपाट फरशीवर तसाच ठेवला तर काही मोजणार नाही. प्लायवूडच्या तुकड्याला मधे खाच पाडा, चौकट कडेवर बसवा, जिभेवर छोटा कडक तुकडा आणि त्यावर खाटेचा पाय.

पोटमाळा
काका, हे वाचून भाचा खूश झालाय. त्याचा प्रश्न: सेलला तीन तारा आहेत, लाल, पांढरी, काळी. रंगांवर विश्वास ठेवायचा का? आणि माझा प्रश्न: अण्णा उभे राहिल्यावर वजन जाईल, तोवर उशीर नाही का होणार? सिस्टर म्हणतात तसं बसतानाच कळायला हवं.

काटेदुरुस्ती
रंगांवर विश्वास नको, मल्टिमीटर लावा. ज्या दोन तारांमध्ये सुमारे २ किलोओहम दाखवेल ती दोन टोकं. उरलेली मधली, तिच्यापासून दोन्हींकडे सुमारे १ किलोओहम येईल. बहुधा मधली लाल निघते.

दुसरा प्रश्न फार चांगला विचारलात. चार सेल एकाच ब्रिजला जोडले तर फक्त एकूण वजन कळतं. तसं करू नका. एचएक्स ७११ दोन घ्या. भिंतीकडच्या दोन पायांचा एक ब्रिज, मोकळ्या कडेच्या दोन पायांचा दुसरा. प्रत्येक जोडीत एकाची पांढरी दुसऱ्याच्या काळीला आणि एकाची काळी दुसऱ्याच्या पांढरीला. त्या दोन सांध्यांना पुरवठा द्या, दोन लाल तारा म्हणजे सिग्नल.

माणूस आडवा असताना वजन दोन्हीकडे वाटलेलं असतं. कडेला येऊन बसला की भिंतीकडचं उतरतं, कडेकडचं चढतं. पाय जमिनीवर टेकतात म्हणून एकूणही जरा कमी होतं. म्हणजे उठायच्या आधीची ती मिनिटभराची बैठक तुम्हाला आकड्यात दिसते.

ठाण्याचा सोल्डर
काकांना साष्टांग नमस्कार. जोडणीचं मी सांगतो.

वजनाचा ठरावीक आकडा कोडमध्ये घालू नका. गोधडी टाकली, उशी काढली, नातू येऊन बसला, आकडा बदलणारच. गेल्या काही सेकंदांत किती फरक पडला ते बघा. भिंतीकडे घट आणि कडेला वाढ: खाटेखालची एलईडी पट्टी मंद लावा. एकूणच मोठी घट: घड्याळ सुरू. दहा मिनिटांत वजन परत आलं नाही तर माळ्यावरचा बझर. सासूबाईंसाठी उशीखाली मोबाइलमध्ये असते तशी कंप देणारी छोटी मोटर. दहा मिनिटं हा माझा अंदाज, अण्णांच्या फेरीला किती वेळ लागतो ते मोजून ठरवा.

वायफायवर विसंबू नका. फोनवर निरोप जायचा तर जाऊ दे, पण उजेड आणि बझर हे घरातल्या तारेवर, नेट नसतानाही चालायला हवेत. वीज गेली तर म्हणून पॉवर बँक लावणार असाल तर आधी तपासा. बऱ्याच पॉवर बँका थोडाच करंट ओढला जातोय असं दिसलं की आपोआप बंद होतात आणि पहाटे तुम्हाला पत्ता लागत नाही.

ब्रेडबोर्ड आणि जंपर वायर, म्हणजे नुसत्या खोचून केलेली जोडणी, नको. झाडू लागला की निघतात. सोल्डर करा, तारा खाटेच्या आतल्या बाजूने वर न्या, फरशी पुसताना पाणी लागायला नको. जुलैत आपल्याकडची हवा इतकी ओली असते की सांध्यांवर ओल बसून वाचन भटकतं. सिलिकॉन लावून बंद करा, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागा. खरेदीला रविवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलात की लॅमिंग्टन रोडला चालत जाता येतं.

अँटॉप हिल
भाच्यासाठी वेगळा मुद्दा. तो याला "माझा शोध" म्हणून कॉलेजच्या प्रदर्शनात मांडणार असेल तर थांबून विचार करावा. पेटंटसाठी कल्पना नवी असावी लागते, आणि अर्ज करण्याआधी ती उघड केली की नवेपणा जाऊ शकतो. या धाग्यावर लिहिलेलंही उघडच झालं. आधी तात्पुरता अर्ज टाकता येतो, एकट्या व्यक्तीला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये. त्यानंतर १२ महिन्यांत संपूर्ण तपशील दिला नाही तर तो अर्ज सोडून दिल्यासारखा होतो. पेटंट मिळालं तर मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला, बौद्धिक संपदा भवनात.

पण खोटी आशा लावत नाही. रुग्णालयांच्या महागड्या खाटांमध्ये रुग्ण उठायला लागला की सूचना देणारी वजनाची व्यवस्था आधीपासून आहे. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुने अर्ज फुकट शोधता येतात, भाच्याने आधी तिथे एक रविवार घालवावा. नवं काही असेल तर ते खाचेच्या प्लायवूडमध्ये किंवा घडीच्या खाटेला बसेल अशा ठेवणीत असू शकेल.

पोटमाळा
भाचा म्हणतो, पेटंट नको, ज्याला हवं त्याने आपल्या घरी बनवावं. मलाही तेच बरं वाटलं.

आता तीन आठवड्यांनंतरची खबर. पाच रविवारांचं काम वाटलं होतं, दोनात झालं. गादी पिंजून घेतली. पहिल्या रात्री उजेड उगाच लागत होता. कारण सापडलं: एका पायाखालची फरशी खोलगट आहे, खाट डुलत होती. पातळ पत्र्याचा तुकडा दिल्यावर शांत झाली. अण्णांची फेरी सहा ते सात मिनिटांची, म्हणून घड्याळ नऊवर ठेवलं.

परवा मी मुद्दाम जागी राहिले आणि माळ्याच्या कठड्यावरून बघत होते. पावणेतीनला अण्णा कडेला आले. खाटेखाली पिवळा उजेड पसरला. ते तसेच बसून राहिले, पायाने चपला चाचपडल्या, एक सरळ केली, मग दुसरी. सासूबाईंच्या उशीखालची मोटर त्या क्षणी चालू होणार नव्हती, तरी त्या जाग्या झाल्या, बहुतेक उजेडाने. "जाऊन या सावकाश," म्हणाल्या. अण्णा भिंतीला हात धरून उठले.

सिस्टर, गोळीची वेळ डॉक्टरांनी सकाळची करून दिली, आता बहुतेक एकदाच उठतात. पॉटला अजून तयार नाहीत.

सोल्डर दादा, एक चूक झालीच. भाच्याने घाईत आधीच व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन लावलं होतं. भिंतीकडच्या एका सांध्यावर हिरवट दिसतंय. खरवडून परत सोल्डर केलं तर चालेल, की तार मागून कापावी?

ठाण्याचा सोल्डर
मागून कापा, तांबं चकचकीत दिसेपर्यंत. हिरवं तारेच्या आवरणाच्या आतही गेलेलं असतं. पण कापताना जपून, लोडसेलच्या तारा बारीक असतात, मुळाशी तुटली तर सेल गेला. सेलपासून तीन-चार इंच तार नक्की ठेवा.

काटेदुरुस्ती
आणि कापण्याआधी खाट उचलून सेल बाजूला काढा. नंतर रिकाम्या खाटेवर शून्य परत घ्यायला विसरू नका.