सुपरहिरो पिक्चरचा पहिला सीन: हिरो दाखवावा का लपवावा?

मंगळवारपेठी

मंडळी, परवा घरात टीव्हीवर 'द डार्क नाइट' (२००८), बॅटमॅनचा पिक्चर, परत लावलेला, चुलतभाऊ पहिल्यांदाच बघत होता, अकरावीत आहे, एरवी दर मिनिटाला मोबाईल बघणारा. पहिली सहाएक मिनिटं त्यानं फोन हातात घेतला न्हाई. आणि गंमत म्हणजे त्या सहा मिनिटांत बॅटमॅन नाहीच! म्हणून धागा काढतोय.

तो सीन जरा आठवा. भर दिवसा एका काचेच्या उंच बिल्डिंगची खिडकी फुटते. खाली चौकात एक माणूस आपल्याकडं पाठ करून उभा, हातात विदूषकाचा मुखवटा लोंबकळतोय, गाडी येते, तो बसतो. बँकेवर दरोडा पडतो, सगळ्यांच्या तोंडावर मुखवटे, आणि ते आपसात बोलत असतात की ज्यानं प्लॅन केला तो जोकर, म्हणजे बॅटमॅनचा दुश्मन, स्वतः आलाच नाही आणि वाटा मात्र घेणार. एकजण अलार्म बंद करतो, त्याचं काम झालं की साथीदारच त्याला गोळी घालतो. तिजोरी उघडणाऱ्याचंही तेच. आपण मनातल्या मनात मोजायला लागतो, आता किती उरले, पुढचा कोण. मग भिंत फोडून स्कूल बस रिव्हर्समध्ये आत येते आणि शेवटी एकच उरतो, मुखवटा काढतो, तो म्हणजेच जोकर. म्हणजे ज्याच्याबद्दल सगळे बोलत होते तो पहिल्यापासून त्यांच्यातच होता, चौकात पाठमोरा उभा होता तोच, आपल्याला दाखवला होता आणि आपण ओळखला नाही.

माझं म्हणणं एवढंच की पहिला सीन प्रेक्षकाला धरतो तो स्फोटानं न्हवं. त्याला कायतरी काम दिलं, जुळवायला दिलं, की तो धरला जातो. पहिल्याच मिनिटाला हिरो उडत आला, चार गाड्या पालथ्या केल्या, की आपण नुसतं बघत बसतो. हल्ली बऱ्याच पिक्चरात हेच चाललंय आणि मला ते मनापासून खटकतं. तुम्हाला काय वाटतं?

नववी गल्ली

भावा, सीनबद्दल वाद न्हाई, लई भारी सीन आहे. पण त्यावरनं तू जो नियम काढालाईस त्याला माझा पूर्ण विरोध. सुपरहिरोचा पिक्चर माणूस हिरोसाठी बघाय जातो. तिकीट त्याच्या नावावर खपतं. त्याला लपवून ठेवायचं म्हणजे पाव्हण्याला जेवायला बोलवून तासभर अंगणात बसवायचं.

'आयर्न मॅन' घे, तोही २००८ चाच. सुरुवात अफगाणिस्तानात, मिलिटरीच्या गाड्यांचा ताफा, टोनी स्टार्क, म्हणजे शस्त्रांची कंपनी असलेला आपला हिरो, मागच्या सीटवर हातात दारूचा ग्लास घेऊन, शेजारी पोरगेले सैनिक त्याच्याशी बोलायला बिचकतात, मग एकजण धीर करून फोटो काढायचा का विचारतो. दोन मिनिटांत तुला कळतं हा माणूस कसा आहे, श्रीमंत, बोलका, जगाची पर्वा नसलेला, आणि तरी आवडतो. मग हल्ला. सैनिक मरतात. टोनी दगडाआड लपतो, शेजारी मिसाईल येऊन पडते आणि तिच्यावर त्याच्याच कंपनीचं नाव! अख्ख्या पिक्चरचा विषय तिथं सांगून झाला, एका शब्दाचं भाषण न देता. हिरो पहिल्या मिनिटापासून समोर आहे आणि तरी कुणी मोबाईल काढत न्हाई.

आणि दुसरं, तू घरात पॉज करत बघितलास. थेटरात पहिली पाच-सात मिनिटं लोक आत येत असतात, अंधारात सीट शोधत असतात, तेवढ्यात मुखवट्यावाल्यांचा हिशेब कोण ठेवणार?

मंगळवारपेठी

पॉज एकदाही केला न्हाई. आणि लोक उशिरा येतात म्हणून सीन सोपा करायचा हे मला अजिबात पटत नाही. जो वेळेवर येऊन बसलाय त्यानं काय पाप केलंय?

शिवाजीपेठेतली वाचक

दोघांचंही वाचलं. तुम्ही दोघं डोक्याचं बोलताय, प्लॅन, हिशेब, विषय. मला पहिला सीन काळजाला लागला तरच पिक्चर माझा होतो. 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' (२०१४) मध्ये सुरुवातीला ना स्पेसशिप ना मारामारी. १९८८ साल, हॉस्पिटलचा कॉरिडॉर, एक पोरगा कानाला वॉकमन लावून बसलाय कारण आत आई कॅन्सरनं चाललीय. त्याला आत नेतात. आई म्हणते हात धर, आणि ते पोर घाबरून तोंड फिरवतं. तेवढ्यात ती जाते. बस. मी रडले होते, आणि पिक्चर कसला आहे हे तोपर्यंत मला माहीतही नव्हतं.

पुढं तोच पोरगा मोठा होऊन एका ओसाड ग्रहावर त्याच वॉकमनवर गाणं लावून नाचत येतो तेव्हा सगळं थेटर हसतं, मीही हसले, पण त्या वॉकमनला तो इतका का जपतो हे मला ठाऊक होतं. आणि शेवटी परत कुणीतरी त्याला हात धर म्हणतं तेव्हा त्याला आई दिसते, आणि यावेळी तो धरतो. यात जुळवायचं काय होतं, मंगळवारपेठी? काहीच न्हाई. नुसतं वाटलं पाहिजे.

मंगळवारपेठी

ताई, तुमचा मुद्दा मोठा आहे, पण बघा, हात धरायचा राहिला ही गोष्ट अर्धी सोडलीय. तुम्ही ती दोन तास मनात धरून बसलात आणि शेवटी जोडलीत. दिग्दर्शकानं तुमच्याकडनं करून घेतलं ते हेच की.

शिवाजीपेठेतली वाचक

मी धरून बसले नव्हते. विसरले होते. म्हणूनच शेवटी तो हात बघून धक्का बसला.

तालीमवाला

मी जरा वेगळं बोलतो. पहिल्या सीनचं काम हिरो दाखवणं न्हाई आणि कोडं घालणं पण न्हाई. समोर उभा राहणारा गडी केवढा आहे ते दाखवणं. 'इन्फिनिटी वॉर' (२०१८) बघा. सुरू होतो तेव्हा लढाई संपलेली आहे, जहाजात मुडदे पडलेत, हिरो थॉरचं डोकं व्हिलन थॅनोसच्या मुठीत आहे. मग हल्क येतो. आधीच्या पिक्चरांत हल्क म्हणजे शेवटचा उपाय, तो आला की विषय संपला. थॅनोस त्याला नुसत्या हातांनी मारतो, तो पण घाई न करता, बाजूला उभा त्याचा माणूस मदतीला निघतो तर दुसरा त्याला थांबवतो, मालकाला मजा घेऊ दे म्हणून. तेवढ्यातच कळतं आता पुढं कुणी सुरक्षित नाही. थॉरचा भाऊ लोकी पण तिथंच जातो.

आमच्या कोल्हापूरच्या खासबागेत मैदानाला सुरुवातीला पोरांच्या कुस्त्या लागतात आणि एक नंबरची जोड शेवटी. मी लहानपणापासनं तीच सवय घेऊन पिक्चर बघतोय, चढत चढत जायचं. या पिक्चरनं सगळ्यात तगडा गडी पहिल्यांदाच आस्मान दाखवून टाकला. मला ते आधी चुकीचं वाटायला पाहिजे होतं, पण तसं वाटलं न्हाई, कारण भीती बसली की माणूस शेवटपर्यंत उठत न्हाई.

नववी गल्ली

तालीमवाले, पण हे ज्यानं आधीचे पिक्चर बघितलेत त्यालाच. माझ्या वडलांना हल्क कोण तेच माहीत न्हाई, त्यांना काय भीती बसणार? हिरवा माणूस मार खातोय एवढंच.

तालीमवाला

थॉरचं तोंड बघून बसते. त्याला हल्क माहीत असायची गरज न्हाई.

जुना प्रेक्षक

पोरांनो, वाचून बरं वाटलं, आमच्या गावात अजून पिक्चरवर असं तावातावानं बोलतात. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० ला 'सैरंध्री' काढला तेव्हा कीचकवध लोकांच्या इतका अंगावर आला की सेन्सॉरनं तो कापायला लावला. लोकांना कसं धरायचं हे इथल्या मातीला जुनं आहे.

पण तुम्ही सगळे चित्रावरच बोलताय. माझ्या मते पिक्चर कानानं आधी सुरू होतो. प्रभात कंपनी इथं १९२९ ला निघाली, १९३३ ला पुण्याला गेली. तिचं बोधचिन्ह म्हणजे तुतारी फुंकणारी बाई. ती पडद्यावर आली की गप्पा थांबायच्या, गोष्ट सुरू व्हायच्या आधीच. तालीमवाले म्हणतात त्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये नातवानं मला दाखवलं, नेहमीचं वाजतगाजत येणारं म्युझिक नाही, कंपनीच्या नावावरच मदतीची हाक ऐकू येते, आमच्यावर हल्ला झालाय, जहाजात सैनिक कमी, घरदारं सोडून आलेली कुटुंबं जास्त. चित्र दिसायच्या आत काळजी लागली. आणि मंगळवारपेठी, तुमच्या दरोड्यात सुद्धा तो एकच सूर हळूहळू ताणत नेलाय, संगीतकार हान्स झिमरचा. आवाज बंद करून बघा एकदा, तुमचं कोडं निम्मं सैल होईल.

मंगळवारपेठी

काका, आवाजाचं शंभर टक्के मान्य, तो माझ्या विरोधात जातो असं मात्र मला वाटत न्हाई. सूर ताणला जातो तेव्हा आपण वाट बघतो, आणि वाट बघणं हे पण कामच आहे.

मला ज्याचा राग येतो ते सांगतो स्पष्ट. पहिल्याच सीनला आवाज येतो, हजारो वर्षांपूर्वी अमुक दगड होता, त्याचे तमुक तुकडे झाले, आणि पाच मिनिटं आपण शाळेत बसल्यागत ऐकतोय. २०२५ च्या 'सुपरमॅन'मध्ये अशीच माहिती पाच-सहा ओळींत पडद्यावर लिहून दिली, तीन शतकं, तीस वर्षं, तीन आठवडे, तीन तास करत करत तीन मिनिटांपर्यंत आणली आणि तीन मिनिटांपूर्वी तो पहिल्यांदा हरला असं सांगून त्याला थेट बर्फात आपटला. रक्ताळलेला, धड श्वास घेता येईना, शीळ घालून कुत्र्याला बोलावतो आणि ते कुत्रं मदत करायच्या ऐवजी त्याच्या अंगावर नाचतं. हिरो पहिल्या मिनिटाला आहे, नववी गल्ली, बघ, माझा हिरोला विरोध न्हाई. पण मारणाऱ्याचं नाव सांगितलं तरी त्याच्यामागं खरं कोण आहे, हे आपल्याला सांगितलेलं न्हाई. तेवढी जागा ठेवली म्हणून आपण पुढं सरकून बसतो.

आणि तुझ्या 'आयर्न मॅन'ला पण हेच लागू आहे. मिसाईलवरचं नाव कुणी मोठ्यानं वाचून दाखवलं का? तू वाचलंस. त्याचा अर्थ तू लावलास. काम तुझ्याकडनंच करून घेतलं.

नववी गल्ली

नाव मी वाचलं हे खरं. पण ते वाचून पोटात गोळा आला तो कशामुळं? दोन मिनिटं त्या गाडीत मी टोनीच्या शेजारी बसलोतो, त्या पोराच्या फोटोला हसलोतो, म्हणून. तू सगळं श्रेय कोड्याला देतोस. अनोळखी माणसाच्या शेजारी तीच मिसाईल पडली असती तर वाचलं असतं आणि सोडून दिलं असतं. माणूस आधी, भावा, जुळवाजुळव मागनं. तुझ्या दरोड्यात मला त्या मुखवट्यावाल्यांपैकी एकाचंही वाईट वाटलं न्हाई, तुला वाटलं का सांग.